तोतयाची कादंबरी लिहिताना: आधी ओळखणारे, मग चेहरा

नागपुरात आम्ही काही जण महिन्यातून एकदा जमून एकमेकांची हस्तलिखिते वाचतो. गेल्या काही वर्षांत या बैठकीत एकाच जातीचे कथानक वारंवार येत राहिले आहे. एखाद्या राजघराण्याचा वारस नाहीसा होतो, त्याच्यासारखा दिसणारा परका माणूस त्याच्या जागी बसवला जातो आणि मग दरबारातली कारस्थाने, पाठलाग, कैद, सुटका असा प्रवास सुरू होतो. कथानक उत्तम आहे, त्याला मरण नाही. तरीही यातली बहुतेक हस्तलिखिते शंभराव्या पानाच्या आसपास अडकतात आणि अडकण्याचे कारण जवळजवळ प्रत्येक वेळी एकच निघते. लेखक चेहऱ्यापासून सुरुवात करतो. दोन माणसे हुबेहूब सारखी दिसतात एवढ्या एका योगायोगावर तो सगळा वाडा उभा करतो आणि त्या वाड्यात खऱ्या वारसाला लहानपणापासून ओळखणारी पन्नास माणसे राहतात, ही गोष्ट त्याला फार उशिरा आठवते.

या लेखात कामाचा जो क्रम दिला आहे तो या चुका पाहूनच ठरवला आहे. टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत, कारण चौथा टप्पा पहिल्यांदा केला की आधीचे तिन्ही नव्याने करावे लागतात.

तयारी: लेखणी उचलण्यापूर्वी

पहिला निर्णय काळाचा आणि दुसरा गादीचा. नागपूरकर भोसल्यांच्या दरबारावर कादंबरी लिहायची असेल तर गादीवर तोतया बसवण्याचा मोह टाळावा. १८०७ पासून रिचर्ड जेंकिन्स हा ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला प्रतिनिधी, नागपुरात होता. दरबारात काय घडले, कोण कोणाला भेटले, याची पत्रे तो वरचेवर पाठवत असे आणि रेसिडेन्सीच्या दप्तरातली निवडक कागदपत्रे छापूनही आलेली आहेत. इतक्या नोंदलेल्या गादीवर परका माणूस बसवला की जाणता वाचक दुसऱ्याच प्रकरणात पुस्तक मिटतो. त्याऐवजी गादी खरी ठेवावी आणि तिच्या छायेतली एखादी लहान जहागीर कल्पनेने निर्माण करावी. मग घटनांची चौकट इतिहासाची राहते आणि आतला खेळ पूर्णपणे आपला होतो.

पुढच्या सर्व टप्प्यांसाठी मी एकच काल्पनिक उदाहरण वापरतो. कन्हान नदीच्या काठी, रामटेकच्या वाटेवर एक जहागीर आहे. वर्ष १८१६. त्या वर्षी २२ मार्चला दुसरे रघूजी भोसले वारले, त्यांचे पुत्र परसोजी दुर्बळ असल्यामुळे कारभार चुलतभाऊ आप्पासाहेबांच्या हाती गेला आणि मे महिन्यात कंपनीशी तैनाती फौजेचा तह झाला. फेब्रुवारी १८१७ च्या आरंभी परसोजी मृतावस्थेत आढळले, आणि त्याच वर्षी २६ व २७ नोव्हेंबरला सीताबर्डीची लढाई झाली. आपल्या कथेला या तारखांमध्ये सुमारे दीड वर्षाची मोकळी जागा मिळते आणि वर कोणाचीच मांड पक्की नसल्यामुळे खालच्या जहागिरीत लबाडी खपून जाण्याची शक्यताही वाढते. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी वारले आणि पुढच्या वर्षी राज्य खालसा झाले, तो काळही अनेकांना खुणावतो. पण तेथे वाद दत्तकाचा होता. त्या काळावर लिहायचे तर ती वेगळ्या बांधणीची कादंबरी होईल.

वाचनासाठी यादव माधव काळे यांचा ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ आणि जेंकिन्सचा १८२७ चा अहवाल, एवढे दोन ग्रंथ आरंभाला पुरतात. जोडीला भोसल्यांची बखर वाचावी, मात्र ती भाषेसाठी. तारखांसाठी तिच्यावर विसंबू नये.

टेबलावर तीन गोष्टी हव्यात: एक आडवी आखलेली वही, त्या वर्षाचे तिथीवार पंचांग आणि जुन्या शहराचा नकाशा. संगणकावर लिहिणाऱ्यांनीही ही वही हातानेच भरावी असा माझा आग्रह आहे, कारण तिच्यातली खाडाखोड पुढे उपयोगी पडते.

टप्पा १: खरा माणूस कुठे आहे ते ठरवणे

तोतयाचा विचार करण्याआधी खऱ्या वारसाचा संपूर्ण प्रवास तारखांसह लिहून काढावा. तो मेला आहे, कैदेत आहे, आजारी आहे, की आपखुशीने दूर गेला आहे? कैदेत असेल तर त्याला रोज जेवण कोण नेऊन देते? मेला असेल तर त्याचे प्रेत कोणी पाहिले? हा सगळा मजकूर कादंबरीत येणार नाही, पण तो लेखकाजवळ नसेल तर मध्यावर कथा हमखास लंगडते.

मूळ माणसाच्या बाबतीतली अनिश्चितता हेच तोतयाचे खरे भांडवल असते. १७६१ मध्ये पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण ते वाचले असावेत ही आशा सुटली नाही, आणि त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी तर वैधव्य कधीच स्वीकारले नाही. म्हणूनच भाऊंच्या नावाने उभा राहिलेला तोतया लोकांना पुन्हा पुन्हा खरा वाटू शकला, आणि त्याचा शेवट व्हायला १७७६ साल उजाडावे लागले. त्याच्या पाठीशी उभी राहिलेली माणसे चेहरा निरखून आलेली नव्हती. कोणी आशेने आले होते, तर कोणी कारभाऱ्यांवरच्या रागाने.

आपल्या उदाहरणात जहागीरदार आषाढात वारतो. थोरला मुलगा फौजेबरोबर तीन वर्षे बाहेर आहे. बातमी कळताच तो परत निघतो आणि वाटेत नाहीसा होतो.

*तपासणी:* खरा वारस कथेच्या प्रत्येक महिन्यात कुठे होता हे एका वाक्यात सांगता येते का? एक महिना जरी कोरा राहिला तरी पुढे जाऊ नये.

टप्पा २: सोंग कोणाला हवे आहे आणि कधीपर्यंत

कोणीही गंमत म्हणून दुसऱ्याची गादी चालवत नाही. सोंग उभे करणाऱ्याची गरज पैशाची, वेळेची किंवा जिवाची असावी आणि तिला मुदत असावी. मुदत नसलेले कारस्थान वाचकाला ताणून धरत नाही.

उदाहरणातल्या दिवाणाने जहागिरीच्या हिशेबात मोठी रक्कम फिरवलेली आहे. नव्या जहागीरदाराला नागपूरच्या दरबारातून वस्त्रे, म्हणजे वारसा मान्य झाल्याची खूण, मिळायची आहेत, त्यासाठी दसऱ्याला हजर राहून नजराणा भरावा लागेल. वारस हजर झाला नाही तर जहागीर धाकट्या चुलत्याकडे जाईल, आणि चुलता पहिल्याच दिवशी दप्तर उघडून पाहील. आषाढ ते दसरा या तीन महिन्यांत दिवाणाला एक माणूस हवा आहे, तोही दसऱ्यापुरताच. ‘दसऱ्यापुरताच’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण ज्याला दसऱ्यापुरता आणला तो दसऱ्यानंतर काय करणार, या प्रश्नातूनच कादंबरीचा उत्तरार्ध निघतो.

*इशारा:* खलनायकाला केवळ सत्तेची हाव आहे असे लिहून मोकळे होऊ नये. फिरवलेली रक्कम किती, कोणत्या सावकाराची, कोणत्या गावच्या वसुलातली, हे ठरवावे. असा दिवाण वाचकाला पटतो, आणि क्षणभर त्याची कीवही येते.

टप्पा ३: ओळखणाऱ्यांची वही

या टप्प्याला निदान पंधरा दिवस द्यावेत. वहीत पाच रकाने पाडावेत: ओळखणारा कोण, त्याने वारसाला शेवटचे कधी पाहिले, तो कशावरून ओळखतो, ओळखल्यावर तो गप्प का राहील किंवा का राहणार नाही, आणि तो समोर कोणत्या दिवशी येतो.

तिसऱ्या रकान्यात बहुतेक जण सगळीकडे ‘चेहऱ्यावरून’ असे लिहितात. तेथे थांबून नीट विचार करावा. माणूस माणसाला किती तऱ्हांनी ओळखतो! आई पावलांच्या आवाजावरून ओळखते. आचाऱ्याला ताटात काय उरते यावरून समजते. मोतद्दार ओळखतो ते घोड्यावर चढण्याच्या पद्धतीवरून, आणि घोडा तर वासावरूनच. चिटणीस पत्राच्या शेवटी स्वतःच्या हाताने घातलेल्या दोन शब्दांच्या वळणावरून ओळखतो. सावकाराला तीन वर्षांपूर्वी एकांतात दिलेले तोंडी वचन ठाऊक असते. उपाध्याय श्राद्धाच्या वेळी बाप, आजा, पणजा यांची नावे आणि गोत्र विचारतो, आणि ती नावे सांगताना मुलगा अडखळला तर तो मान वर करून पाहतो.

चौथा रकाना त्याहून मोलाचा आहे. ओळखणारी प्रत्येक व्यक्ती ओरडत बाहेर धावत नाही. कोणाला भीती असते, कोणाला पैसे मिळालेले असतात, कोणाला खऱ्या वारसाचा जाच आठवत असतो आणि हा परका बरा वाटत असतो. म्हातारी आई आपला मुलगा गेला हे मान्य करण्यापेक्षा समोरच्याला मुलगा म्हणणे पसंत करते. राजघराण्यातले कारस्थान म्हणजे अशा गप्प राहणाऱ्यांची बेरीज असते, आणि वाचक अडकतो तो या गप्प बसण्याच्या कारणांत. तलवारबाजीची प्रकरणे त्या मानाने सोपी असतात.

पत्नीबद्दल स्वतंत्रपणे लिहिणे भाग आहे. वारस विवाहित असेल तर त्याच्या पत्नीला काही कळलेच नाही आणि परका तिच्याबरोबर संसार करू लागला, असे प्रसंग आमच्या बैठकीत आलेल्या एकाहून अधिक हस्तलिखितांत होते, आणि तेही प्रणयाच्या रंगात. कृपा करून असे लिहू नये. ही त्या स्त्रीची घोर फसवणूक आहे आणि लेखकाने ती फसवणूक म्हणूनच मांडली पाहिजे. सरळ मार्ग असा की तिला पहिल्याच दिवशी कळते, आणि पुढे काय करायचे हा निर्णय तिचा असतो. घरात सुतक आहे, सासरा नुकताच वारला आहे, व्रत धरले आहे, अशी अंतर राखण्याची कारणे तिच्याजवळ आहेत. तिने ती वापरली की ती कारस्थानातले प्यादे राहत नाही, खेळणारी होते. माझ्या मते या जातीच्या कादंबरीत सर्वांत समृद्ध होऊ शकणारे पात्र हेच आहे, आणि सर्वांत कमी लिहिले जाते तेही हेच.

*तपासणी:* वहीत निदान वीस नावे आहेत का? त्यातली निदान आठ चेहऱ्याव्यतिरिक्त अन्य खुणेने ओळखणारी आहेत का? चौथा रकाना कोठेही रिकामा नाही ना?

टप्पा ४: साम्य किती ठेवावे

आता चेहऱ्याकडे यावे. साम्य जितके कमी तितकी कादंबरी चांगली, हे सूत्र धरावे. जत्रेत हरवलेले जुळे भाऊ हा उपाय वाचकाला पाठ आहे. तो वापरला तर शेवट पहिल्याच पानावर फुटतो. उंची, बांधा आणि वर्ण साधारण जुळला, तर बाकीची दरी भरायला काळ, आजार आणि रूढी पुरतात. तीन वर्षांत माणूस बदलतो. देवीच्या आजाराने चेहऱ्यावर वण येतात.

पण सर्वांत उपयोगी साधन आपल्या रूढीत तयार आहे आणि फार थोडे लेखक ते वापरतात. बाप वारला की मुलगा क्षौर करतो. ज्या माणसाला सगळ्यांनी भरदार मिशांत पाहिले, तोच आता डोके आणि मिशा उतरवून, उघड्या अंगाने, मान खाली घालून बसलेला असतो. अशा वेळी त्याच्याकडे कोणी निरखून पाहत नाही, कारण दुःखात असलेल्याकडे टक लावून पाहणे शिष्टाचाराला सोडून असते. तोतयाला वाड्यात आणण्याची याहून सोयीची घडी नाही, आणि ती योगायोगाशिवाय मिळते.

वेषाचे महत्त्वही विसरू नये. मे १८१८ मध्ये आप्पासाहेब इंग्रजांच्या कैदेतून जबलपूरजवळ निसटले ते शिपायाच्या वेषात. पाहणारा आधी कपडे पाहतो आणि चेहरा पाहण्याची गरज त्याला बहुधा वाटत नाही. आपल्या कथेत चोपदार, पालखी, छत्र आणि पुढे चालणारा भालदार हे सगळे मिळून निम्मा वारस तयार करतात.

टप्पा ५: परीक्षांचा क्रम

वहीतली माणसे आता पाचव्या रकान्यानुसार ओळीने लावावीत. नियम असा: दुरून पाहणारे आधी, हात लावणारे नंतर, आणि ज्यांचे प्रेम आहे ते सर्वांत शेवटी. वेशीवरची गर्दी, मग दरबार, मग नोकर, मग अंगाला स्पर्श करणारे, मग आई. नवे लेखक भर दरबारातली परीक्षा सर्वांत मोठी मानून ती शेवटी ठेवतात. वास्तविक दरबारात वीस हातांवरून पाहणाऱ्याला फसवणे सोपे असते.

या क्रमात एक अपवाद मुद्दाम ठेवावा. हात लावणारा एक जण अगदी लवकर समोर यावा, म्हणजे संपूर्ण पूर्वार्धभर त्याचे मौन वाचकाच्या छातीवर बसते. आपल्या उदाहरणात तो मान न्हाव्याचा. वाड्याचे क्षौर करण्याचा हक्क त्याच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्याला टाळून बाहेरचा न्हावी आणला तर गावात त्याच दिवशी चर्चा होईल, म्हणून दिवाण त्याला टाळू शकत नाही. प्रसंग असा लिहिता येईल:

“न्हाव्याने वस्तरा चामोटीवर ओढला आणि पाण्याचा हात डोक्यावरून फिरवला. टाळूच्या मागे त्याची बोटे थांबली. तेथे केसांचा भोवरा होता. दोन बोटे सरकून आणखी एक होता. ‘मान खाली घ्या जी, सरकार,’ तो म्हणाला आणि कुठेही काप न पडू देता त्याने सारे डोके उतरवले. धोकटी बांधून तो उठला तेव्हा दिवाणजींनी त्याच्या हातावर दोन रुपये ठेवले. दरवेळी सूपभर तांदूळ मिळत असे. त्याने रुपयांकडे पाहिले, मग दिवाणजींकडे पाहिले, आणि रुपये कनवटीला लावून तो मागच्या दाराने बाहेर पडला.”

येथे कोणी काही बोललेले नाही. तरीही न्हाव्याला दोन गोष्टी कळल्या आहेत: हा तो नव्हे, आणि हे दिवाणाला माहीत आहे. वाचकालाही त्या तेवढ्यातच कळतात. अशा प्रसंगात न्हाव्याच्या मनात काय आले ते लिहिण्याची इच्छा होते, ती आवरावी.

*इशारा:* एकच खूण दोनदा वापरू नये. भोवऱ्यावरून एकदा ओळख झाली की पुन्हा कोणी डोक्याकडे पाहू नये. प्रत्येक परीक्षेला नवी खूण आणि नवे इंद्रिय हवे.

टप्पा ६: वाचकाला काय आणि केव्हा कळावे

येथे दोनच मार्ग आहेत आणि लिहिण्याआधी त्यातला एक निवडावा लागतो. पहिल्या मार्गात वाचकाला सोंग आरंभापासून माहीत असते आणि ते उघडे पडेल का, ही धास्ती कथा चालवते. दुसऱ्यात वाचकही फसलेला असतो. दुसरा मार्ग आकर्षक दिसतो, पण साडेतीनशे पानांची कादंबरी एका रहस्यावर तोलून धरणे फार थोड्यांना जमते. पहिलीच कादंबरी असेल तर पहिला मार्ग घ्यावा आणि निवेदन तोतयाच्या तोंडी द्यावे. त्याला वाड्यातले काहीच ठाऊक नसते, म्हणून वाडा, माणसे, रीतिरिवाज हे सगळे त्याच्याबरोबर वाचकालाही शिकता येते आणि माहितीचे परिच्छेद वेगळे लिहावे लागत नाहीत.

मात्र निवेदन प्रथमपुरुषी असेल तर तोतया जे पाहत नाही ते लिहिता येणार नाही. एका हस्तलिखितात नायक तळघरात कोंडलेला असताना तोच वरच्या दिवाणखान्यातला संवाद शब्दशः सांगत होता. अशा जागा दुसऱ्या खर्ड्यात दुरुस्त करणे कठीण जाते, कारण पुढची पाच प्रकरणे त्यावर उभी असतात.

टप्पा ७: अंतर, पाणी आणि उजेड

साहसकथा बिघडते ती बहुधा अंतरांमुळे. नागपूर ते रामटेक सुमारे पन्नास किलोमीटर, म्हणजे सोळा-सतरा कोस. घोडेस्वाराला ही एक दिवसाची मजल आहे. पालखीला दोन दिवस लागतील. वाटेत कन्हान ओलांडावी लागते, आणि आषाढ-श्रावणात तिला पूर आला की नाव लागत नाही. दोन-तीन दिवस काठावर बसून राहावे लागते. ही अडचण समजू नये. एका काठावर निरोप्या आणि दुसऱ्या काठावर तोतया, मध्ये गढूळ पाणी, एवढ्यावर एक संपूर्ण प्रकरण उभे राहते.

शहरातही चालून पाहावे. महाल या जुन्या वस्तीतून निघून शुक्रवारी तलावाच्या कडेने जुम्मा दरवाज्याकडे आणि तेथून सीताबर्डीच्या टेकड्यांपर्यंत एकदा पायी जावे, घड्याळ लावून जावे. तेव्हाचे शहर तलावाच्या पूर्वेला होते आणि रेसिडेन्सी टेकड्यांच्या पलीकडे पश्चिमेला, हे पायांना कळले की राजवाड्यातून रेसिडेंटाकडे गुपचूप जाणाऱ्या माणसाला किती मोकळे रान ओलांडावे लागले असेल याचा अंदाज येतो. आज त्या वाटेवर इतकी वाहतूक असते की कल्पना करायला सकाळी लवकर जाणे बरे.

१८१६ च्या कथेत हमखास आढळणाऱ्या चुका अशा आहेत. सीताबर्डीचा किल्ला त्या वर्षी नव्हता. नुसत्या दोन टेकड्या होत्या, किल्ला इंग्रजांनी लढाईनंतर बांधला. कामठीची छावणी १८२१ ची आहे, म्हणून तिच्यातून गोरे शिपाई निघू शकत नाहीत. नागपुरात रेल्वे आली १८६७ मध्ये. आगकाड्या नव्हत्या, चकमक होती. पाहुण्याला चहा देऊ नये. रात्रीचा प्रसंग असेल तर तिथी पाहून लिहावा. अमावस्येच्या रात्री नायकाला नदीपलीकडचा घोडेस्वार चेहऱ्यासकट दिसला, असे वाक्य मी स्वतः एकदा लिहिले होते आणि ते बैठकीत एका पंचांग जाणणाऱ्या वाचकाने पकडले. तेव्हापासून वहीत प्रत्येक प्रकरणासमोर तिथी लिहितो.

टप्पा ८: बोली आणि कागद

तोतयाला वेष शिकवता येतो, बोली फार कष्टाने शिकवता येते. आपला तोतया वऱ्हाडातल्या एखाद्या गावचा असेल तर त्याच्या तोंडी ‘ळ’ च्या जागी ‘य’ येईल; तो डोळ्याला डोया म्हणेल. तीन महिने त्याने जीभ सांभाळली आणि मग तापात बरळताना ‘डोयात काहीतरी गेलं’ असे त्याच्या तोंडून निघाले, तर उशाशी बसलेल्या माणसाला एवढे पुरेसे आहे. नागपूरच्या वाचकाला वऱ्हाडी, नागपुरी आणि पूर्वेकडची झाडीबोली यांतला फरक कानाने कळतो. म्हणून ठोकळेबाज ‘खेडवळ’ भाषा लिहू नये. ज्या भागातले पात्र आहे त्या भागातल्या माणसाकडून संवाद वाचून घ्यावेत.

कागदांच्या बाबतीत इतके लक्षात ठेवावे: पत्रे मोडीत असत, कारकून लिहीत असे, आणि खरेपणा शिक्क्यात व मोर्तबात असे. म्हणून कारस्थानात खरा प्रश्न हस्ताक्षराचा कमी आणि शिक्का कोणाच्या कमरेला आहे याचा अधिक असतो. दरबारी शब्द मोजके वापरावेत. जामदारखाना, फरासखाना, मुदपाकखाना, हुजऱ्या, खिजमतगार हे शब्द जेथे ती जागा किंवा तो माणूस प्रत्यक्ष काम करतो तेथेच यावेत; शोभेसाठी ओतले की निवेदन जड होते.

टप्पा ९: खऱ्याचे परतणे

खरा वारस परत येतो तेव्हा तो चांगला माणूस असावा की वाईट? सोपी सुटका अशी की तो दुष्ट निघतो, आणि मग तोतयाच गादीवर राहिला तरी वाचकाला बोचत नाही. ही सुटका घेऊ नये. तो साधारण माणूस असावा, थोडा रागीट, थोडा भित्रा, आणि हक्काने आपले घर मागणारा. मग वहीतल्या प्रत्येक गप्प राहिलेल्या माणसाला आता बोलावे लागते आणि प्रत्येकाला त्याच्या मौनाचा हिशेब द्यावा लागतो. आईने काय करावे? न्हाव्याने कोणाच्या बाजूने साक्ष द्यावी? शेवटची तीस-चाळीस पाने याच प्रश्नांतून लिहिली जातात, आणि वही नीट भरलेली असेल तर ती आश्चर्यकारक वेगाने लिहून होतात.

एक व्यावहारिक गोष्ट. तोतयाने बापाच्या नावाने पिंड दिले असतील तर ते कोणाचे, हा प्रश्न खरा वारस विचारणारच. तो उपाध्यायाला विचारू द्यावा, आणि उत्तराआधी उपाध्यायाला थोडा वेळ द्यावा.

टप्पा १०: दुसरा खर्डा

पहिला खर्डा संपल्यावर महिनाभर बाजूला ठेवावा. मग वही उघडून प्रत्येक नावासमोर तो माणूस ज्या पानावर आला ते पान लिहावे. ज्या नावासमोर पान नाही तो माणूस वाड्यात असून कादंबरीत नाही. त्याला एक तर प्रसंग द्यावा, नाही तर तो का दिसला नाही ते एका वाक्यात सांगावे. त्यानंतर तारखा आणि तिथी तपासाव्यात, मग अंतरे, मग बोली, याच क्रमाने. भाषेवरचा शेवटचा हात सर्वांत शेवटी फिरवावा, कारण आधीच्या तपासण्यांत पाने जातात आणि सजवलेली पाने टाकवत नाहीत.

मग हस्तलिखित अशा दोन वाचकांना द्यावे ज्यांनी त्याबद्दल काहीही ऐकलेले नाही. त्यांना अभिप्राय विचारू नये. त्यांच्या हाती पेन्सिल द्यावी आणि एवढेच सांगावे की ज्या ओळीवर ‘याला हे कळायला हवे होते’ असे वाटेल त्या ओळीसमोर रेघ मारावी. हस्तलिखित परत आले की दोघांच्या रेघा जेथे एकाच पानावर पडल्या असतील तेथपासून दुरुस्तीला बसावे.